नानांना शेक द्यावा का?

पत्र:

मावशी, नमस्कार. आम्ही चोपडा तालुक्यातले, केळी-कापूसवाले. माझे सासरे, नाना, वय ६८. मागच्या दिवाळीत त्यांना जठराचा कॅन्सर निघाला. लिव्हरमध्येही गाठी आहेत, ऑपरेशन होणार नाही असं तेव्हाच सांगितलं. तीन केमो झाल्या, चौथी सोसली नाही म्हणून बंद केली. आता मुख्य त्रास रक्ताचा. संडासला डांबरासारखं काळं होतं, दोनदा उलटीतही पडलं. दर दहा-बारा दिवसांनी जळगावला नेऊन रक्ताची पिशवी लावतो. दोन वेळा दुर्बीण टाकून आतून जाळून घेतलं, आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. आता डॉक्टर म्हणतात, पाच दिवस शेक, म्हणजे रेडिएशन, देऊ, रक्त थांबेल. मोठे दीर ठाम नाही म्हणतात. गावातल्या एकाला शेक दिला होता, त्याचं तोंड जळालं, पाणी गिळता येईना, तीन महिन्यांत गेला. दीर म्हणतात, ‘बरे होणारच नाहीत तर म्हाताऱ्याला भाजायचं कशाला? डॉक्टरला मशिनचा हप्ता फेडायचाय.’ आमचे हे गप्प बसतात. सासूबाई कानबाईला नवस बोलल्यात. नानांना आम्ही अल्सर आहे असंच सांगितलंय. त्यांचं सगळं मी करते. खाणं, औषधं, गुडघ्याची गोळी, अंघोळ, खराब झालेले कपडे धुणं. मला कुणी विचारत नाही. पण विचारलंच तर काय बोलू?
– एक सून

उत्तर:

मावशी म्हटलंस, म्हणून अगंतुगं करते. शेकाचं नंतर बोलू, आधी एक काम. कामं मोजताना ‘गुडघ्याची गोळी’ असं दोन शब्दांत लिहून तू पुढं गेलीस आणि मी तिथंच अडकले. कुठली गोळी ही? मेडिकलवाला पट्टीतून कापून देतो ती? घेतली की तासाभरात गुडघा मोकळा होतो ती? मग ती बहुतेक डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक नाहीतर आयबुप्रोफेन असणार. या गोळ्या जठराचं अस्तर सोलतात आणि रक्तही नीट गोठू देत नाहीत. धडधाकट माणसाच्या पोटातून त्यांनी रक्त येतं, नानांच्या पोटात तर उघडी जखम आहे. पट्टी घेऊन डॉक्टरांना फोन लाव, नाव वाचून दाखव. गुडघा दुखतोय तो सोसायला लावू नकोस. पॅरासिटामॉल चालेल का आणि किती, ते विचार, कारण लिव्हरमध्येही गाठी आहेत. त्यानं भागलं नाही तर मॉर्फिनच्या जातीची औषधं आहेत, ती पोटाला अशी सोलत नाहीत. नाना हृदयासाठी ‘रक्त पातळ करायची’ गोळी घेत असतील तर तेही सांग. ती मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना ठरवू दे.

डॉक्टरांनी हे विचारलं नसेल असं नाही. पण फाईल घेऊन दीर जातात आणि गोळी देतेस तू. बत्तीस वर्षं सिस्टर म्हणून काढली, त्यातली एकोणीस कॅन्सरच्या वॉर्डात. तेवढ्यात एक गोष्ट पक्की कळली. डॉक्टरसमोर खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला पेशंटचं निम्मंच माहीत असतं, उरलेलं निम्मं माहीत असणारी बाई बाहेर बाकावर डबा मांडीवर घेऊन बसलेली असते.

आता तुझ्या दिरांबद्दल. त्यांना वेड्यात काढू नकोस, त्यांनी जे पाहिलं ते खरं आहे. फक्त तो आजार दुसरा होता. तोंड जळालं म्हणतेस, म्हणजे तो तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर असणार. आपल्याकडं तंबाखू-गुटख्यापायी हाच जास्त दिसतो, त्यामुळं खान्देशात शेक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं काळवंडलेला गळा आणि पाण्याच्या घोटाला रडणारा माणूस येतो. तिथं गाठ मुळापासून मारायची असते, म्हणून तीस-पस्तीस वेळा शेक देतात, सहा-सात आठवडे, एकूण माप ६० ते ७० ग्रे. ग्रे म्हणजे किरणं मोजायचं एकक, जसं औषधाचं मिली. नानांना जो पाच दिवसांचा शेक सांगितलाय, त्याचं नेहमीचं माप २० ग्रे. शिवाय किरणं पोटावर तीन-चार बाजूंनी वाटून सोडतात, त्यामुळं कातडी भाजत नाही. दीर शेतकरी आहेत ना? त्यांना पंपाच्या भाषेत सांग. एका पंपाला तीस मिली टाकायचं औषध शंभर टाकलं तर कपाशी करपते, म्हणून तीस टाकणारा काही पीक जाळत नाही.

पण खरा घोळ मापाचा नाही. घरातले सगळे शेकाकडं कॅन्सरचा उपाय म्हणून बघताहेत आणि मग ‘बरे होणार नाहीत तर कशाला’ हा प्रश्न बरोबरच वाटतो. हा शेक कॅन्सरसाठी नाहीच. तो रक्तासाठी आहे. लिव्हरमधल्या गाठींना त्यानं काही होणार नाही आणि त्यानं आयुष्य वाढतं असंही कुणी छातीठोक सांगू नये. प्रश्न एवढाच विचारायचा की नानांचे जे दिवस उरलेत, त्यातले किती पिशवीच्या नळीला बांधलेले जाताहेत आणि शेकानं त्यातले किती सुटतील. नफा-तोटा इथंच मांडायचा.

रक्त येतं कसं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. जठरातली गाठ वरून सोललेली, ओली असते. तिच्यातल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, पातळ भिंतींच्या. अन्न घासलं, आम्ल लागलं की पाझर सुरू. ठिबकच्या नळीला उंदरानं एकाच ठिकाणी कुरतडलं तर आपण तिथं गाठ मारतो, जॉइनर लावतो. दुर्बिणीचं काम तसं, दिसलं ते ठिकाण जाळायचं नाहीतर क्लिप लावायची. रक्त भडाभडा येत असेल तेव्हा तोच पहिला उपाय, लगेच गुण देतो. पण नळी टोकापासून टोकापर्यंत झिजली असेल तर किती ठिकाणी गाठी मारणार? दोनदा जाळूनही आठवड्यात परत आलं ते म्हणून. डॉक्टरांचा हात वाईट होता असं नाही. शेकाचे किरण पूर्ण गाठीवर पडतात. बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सुजतं, आतल्या आत गुठळ्या धरतात, वाहिन्या बुजतात. मग हळूहळू गाठीचा वरचा थर आकसून सुकतो.

‘हळूहळू’ हा शब्द घरात सगळ्यांना ऐकव. गुण यायला काही दिवस लागतात, बऱ्याच जणांना आठवडा-दोन आठवडे. तिसऱ्या दिवशी संडास काळीच दिसली म्हणून ‘बघा, फसवलं’ असं कुणी म्हणता कामा नये. मधे एखादी पिशवी लागूही शकते. आणि सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. जगभरातले निकाल पाहिले तर निम्म्यापासून ते चारात तीन जणांपर्यंत रक्त थांबतं किंवा चांगलंच कमी होतं. म्हणजे न येणारेही आहेत, ते लपवणारा डॉक्टर असेल तर जरा सावध राहा. ज्यांचं थांबतं त्यांच्यातल्या काहींचं काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा सुरू होतं.

दोंडाईच्याच्या मिरची बाजारातले एक हमाल आमच्याकडं होते. त्यांच्या बायकोला लिहिता येत नव्हतं. तिनं पदराच्या टोकाला गाठी मारून ठेवल्या होत्या, एका पिशवीला एक गाठ. शेकाआधी तीन महिन्यांत नऊ गाठी. शेक झाल्यावर ती राऊंडच्या वेळी पदर पुढं करायची आणि नुसती हसायची, कारण दहावी गाठ येतच नव्हती. पुढं नवव्या आठवड्यात पुन्हा काळं सुरू झालं आणि त्यानंतर महिन्याच्या आत ते गेले. पण ते नऊ आठवडे ते घरी होते, ओट्यावर बसत होते.

दुसरी गोष्ट मला सांगायला आवडत नाही. एक म्हातारे होते, असेच जठराचे, खूप अशक्त. त्यांना दहा दिवसांचा शेक लिहिला, ३० ग्रे. मी तेव्हा नवी नव्हते, मला दिसत होतं की माणूस दिवसातले अठरा तास झोपून आहे. तरी मी बोलले नाही, डॉक्टरांनी लिहिलंय म्हटल्यावर आपण कोण. मुलगा रोज जीपनं साठ किलोमीटर आणायचा आणि साठ न्यायचा. दहावा शेक झाला आणि चौथ्या दिवशी ते गेले. शेवटचे दोन-सव्वादोन आठवडे, त्यातले दहा दिवस खड्ड्यांच्या रस्त्यावर. रक्त थांबलं होतं का हे बघायलाही वेळ मिळाला नाही. त्या मुलानं एक शब्द दोष दिला नाही, मलाच तो अजून लागून राहिलाय.

म्हणून पहिला प्रश्न डॉक्टरांना हा विचारायचा: ‘एका दिवसात होईल का?’ यासाठी ८ ग्रेचा एकच शेकही देतात. पाच दिवसांचा २० ग्रे आणि दहा दिवसांचा ३० ग्रे ही दुसरी नेहमीची मापं. रक्त थांबवायच्या बाबतीत लांबलेल्या शेकानं ठळक जास्त फायदा होतो असं दिसलेलं नाही. डॉक्टर म्हणतील की नानांची तब्येत बरी आहे, पाच दिवसांत रोजचा डोस लहान बसतो, मळमळ जरा कमी राहील, तर ते कारण पटण्यासारखं आहे, पाच घ्या. चोपड्याहून रोज ये-जा करण्यापेक्षा जळगावात कुणा नातेवाइकाकडं सोमवार ते शुक्रवार राहिलात तर नानांची हाडं वाचतील. पण रक्त थांबवण्यासाठी पंचवीस-तीस दिवस सांगितले, तर मात्र कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडं जा. दिरांच्या ‘मशिनच्या हप्त्या’ची परीक्षा अशी होते. पाच दिवस सांगणारा डॉक्टर हप्ता फेडत नसतो.

आणि हे खूळ काही आजचं नाही, तेही दिरांना सांग. रोंटगेननं १८९५ मध्ये एक्स-रे शोधला. पुढच्याच वर्षी, १८९६ च्या जुलैत, फ्रान्समधल्या ल्यों गावच्या व्हिक्टर देपेन्य नावाच्या डॉक्टरनं त्याचा शेक एका माणसाला दिला. त्याला काय झालं होतं माहितेय? जठराचा कॅन्सर. दुखणं कमी झालं, गाठही लहान झाल्यासारखी वाटली आणि माणूस काही आठवड्यांतच गेला. कॅन्सरला शेक दिल्याच्या अगदी पहिल्या नोंदींतली एक अशाच पेशंटची आहे.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचा शेक बसतो, पण रुग्णालय योजनेत असायला हवं. तिथं ‘आरोग्यमित्र’ पाटी लावून बसलेला असतो, पहिल्या दिवशी आधी त्याच्याकडं जायचं. रेशन कार्ड, आधार आणि बायप्सीचा मूळ रिपोर्ट. मंजुरीला वेळ जातो, म्हणून आधीच हालचाल करा. उद्या मुंबईला जायची वेळ आलीच तर रुग्णालयाकडून रेल्वेच्या सवलतीचा दाखला घ्या. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं माफ असतं. पण या एवढ्या कामासाठी मुंबई गाठायची गरज नाही, जवळ मशिन असेल तिथं होतं.

प्रत्यक्षात काय होतं ते नानांना आधी सांगून ठेव, म्हणजे घाबरणार नाहीत. पहिल्या दिवशी नुसतं सीटी स्कॅन करून माप घेतात. टेबल सपाट आणि कडक असतं, हात डोक्यावर धरायला लावतात. खांदे आखडलेल्या म्हाताऱ्यांना शेकापेक्षा याचाच त्रास जास्त होतो. निघायच्या तासभर आधी दुखण्याची गोळी द्यायची का ते विचार. पोटावर रंगाच्या रेघा नाहीतर बारीक ठिपके करतात, ते अंघोळीत घासून काढायचे नाहीत. तू काढशील, स्वच्छ बाई दिसतेस, म्हणून सांगते. पोट रिकामं ठेवून यायला सांगतात, साधारण दोन-तीन तास, कारण जठर पखालीसारखं असतं, भरलं की फुगतं आणि जागा बदलते. माप रिकाम्या पोटी घेतलं आणि शेक भरल्या पोटी दिला तर किरण भलतीकडं पडतील. शेकाच्या वेळी खोलीत नाना एकटे, दहा-पंधरा मिनिटं. मशिन घूं घूं करत फिरतं, अंगाला लागत नाही, गरमही वाटत नाही. बाहेर टेक्निशियनला कॅमेऱ्यात दिसत असतं, हाक मारली तर ऐकू येतं. आणि हो, अंगात किरणं साठून राहत नाहीत. घरी आल्यावर नातवंडांना मांडीवर बसू दे, नानांचं ताट-भांडं वेगळं काढू नका.

त्रास व्हायचा तो मळमळ-उलटीचा, कारण किरणं पोटावरच आहेत. ओन्डानसेट्रॉनची गोळी शेकाच्या अर्धा-एक तास आधी द्यायची असते, ती चिठ्ठीत नसेल तर मागून घे. एकाच दिवसाचा शेक असेल तर त्या दिवशी संध्याकाळी जास्त जाणवेल. थकवा येतो, दोन-तीन आठवडे राहू शकतो, भूकही मंदावते. जेवणाच्या वेळा पाळायचा आग्रह सोड. भगर, मऊ खिचडी, नागलीची आंबील, घरच्या घडातलं पिकलं केळं कुस्करून, वाटीभर, दिवसातून सहा वेळा. कळण्याची भाकरी आणि ठेचा आता नको. पण वांगी भाजल्याचा वास आला आणि नानांनी भरीत मागितलं, तर तिखट न घालता दोन बोटं जिभेवर ठेव. सासूबाई रागावतील, मी सांगितलं म्हणून सांग.

काळ्या रंगाचंही एक सांगते. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही संडास काळसर होते, हिरवट झाक असते, घट्ट असते. रक्ताची काळी वेगळी, चकाकणारी, चिकट, भांड्याला धरून बसणारी. वास तर एकदा आला की जन्मात विसरत नाही. तुला हे शिकवायला नको.

आता नानांचं. अल्सर सांगितलाय म्हणतेस. शेकाच्या विभागाबाहेर पाटी कशाची असते? बाकावर शेजारी डोक्याचे केस गेलेली बाई आणि गळ्यावर रेघा मारलेला माणूस बसलेला असतो, तो पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, ‘तुम्हाले कुठं शे?’ नानांना ते परक्याच्या तोंडून कळावं असं वाटतंय का तुम्हाला? नेण्याआधी बोला. सगळं एकदम ओतायचं नाही. आधी त्यांना काय वाटतंय ते विचारायचं. ‘नाना, तीन वेळा ते बाटलीचं औषध झालं, एवढ्या पिशव्या लागल्या, तुम्हाले काय वाटस?’ इतकंच विचारून गप्प बसायचं. गप्प बसणं अवघड जातं, पण उत्तर त्यातूनच येतं. ते म्हणाले ‘माले काही ऐकानं नही’ तर तोही त्यांचा हक्क, मग थांबायचं. त्यांनी विचारलं तर खोटं बोलायचं नाही. हे काम तुझ्या नवऱ्यानं करावं, तू शेजारी बस. गप्प बसणाऱ्या माणसाला कधी कधी एखादं काम नेमून दिलेलं बरं असतं.

आणि शेकाचं त्यांनाच विचारा. पाच माणसं त्यांच्या पोटावरून भांडताहेत आणि ज्याचं पोट तो आतल्या खोलीत अल्सर धरून बसलाय. त्यांनी म्हटलं की मला कानबाईच्या रोटाला, सणाला, घरी बसायचंय, मधे जळगाव नको, तर डॉक्टरांना तारीख सांगा, शेक लवकर उरकून घ्या. ते म्हणाले आता गाडीत बसायचंच नाही, माले घर ऱ्हानं शे, तर न्यायचं नाही. शेक नको म्हटल्यानं सगळे उपाय संपत नाहीत. रक्त थांबायला मदत करणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या आहेत, आम्ल कमी करणारी औषधं आहेत. पिशवी कुठवर लावायची हेही एका टप्प्यावर ठरवावं लागतं. एका पिशवीनं हिमोग्लोबिन साधारण एकानं वाढतं. ते वाढून माणूस उठून बसत असेल, बोलत असेल तर लावावी. पिशवी लावूनही नाना डोळे उघडेनासे झाले तर नुसता आकडा वाढवायला त्यांना जळगावला फिरवू नका. शेकाचंही तेच. आज नाना आधार घेऊन का होईना संडासला जाताहेत, चार शब्द बोलताहेत, तर माझं मत द्यावा असं आहे आणि लवकर द्यावा. चार आठवड्यांनी हेच पत्र आलं आणि ते दिवसभर झोपून असले, तर माझं उत्तर उलटं असेल, कारण गुण यायला जो वेळ लागतो तेवढा तरी हाताशी हवा.

एक अप्रिय गोष्ट राहिली. कधी कधी एकदम खूप रक्त पडतं. सगळ्यांना होत नाही, पण होऊ शकतं आणि त्या वेळी घरात तूच असशील. जुनी गडद रंगाची चादर, चॉकलेटी-काळा टॉवेल असं काहीतरी नानांच्या खाटेजवळ ठेव. पांढऱ्यावर रक्त दिसलं की पेशंटही घाबरतो आणि सगळं घर ओरडायला लागतं, गडद कापडावर ते तितकं भेसूर दिसत नाही. उलटी होत असेल तर कुशीवर वळव, पाणी पाजू नकोस. १०८ ला बोलवायचं की घरीच हात धरून बसायचं, हे त्या क्षणी नाही, आधी ठरवून ठेवा, डॉक्टरांशी आणि नानांशीही बोलून. घरी राहायचं ठरलं तर घाबरणं आणि तगमग कमी करणारं औषध डॉक्टर आधी लिहून देऊ शकतात, ते मागून घ्या.

‘मला कुणी विचारत नाही’ असं लिहिलंस. विचारतील, पण तुझ्या हातात काहीतरी असू दे. भिंतीवरचं कॅलेंडर काढ. फाईलमधल्या रक्तपेढीच्या पावत्या बघून पिशवी लागली त्या प्रत्येक तारखेभोवती लाल गोल कर. जळगावला गेलात पण पिशवी मिळाली नाही, क्रॉसमॅच जुळलं नाही, रात्र काढावी लागली, त्याही तारखांना गोल कर. संडास काळी झाली त्या दिवशी बारीक काळा ठिपका. मग जेवणं झाल्यावर ते कॅलेंडर दिरांसमोर ठेव आणि शेकाचं नावही न काढता एवढंच विचार, ‘भाऊजी, गेल्या दोन महिन्यांत नाना घरी किती दिवस होते, मोजा बरं.’ डॉक्टरवरचा त्यांचा राग खरा आहे. पण ते गोल डॉक्टरनं काढलेले नाहीत, मोजताना बोट त्यांचंच असेल.

शेक द्यायचं ठरलं तर त्याच कॅलेंडरवर शेकाचा पहिला दिवस लिही आणि पुढची पिशवी कधी लागली तेही. मला कळव. आणि गुडघ्याच्या गोळीचा फोन सकाळपर्यंत ठेवू नकोस.